दादाची उलटतपासणी

तार शाळेत आली तेव्हा मी सातवीच्या वर्गावर होते. ‘भाऊ वारले. लगेच या.’ पाठवणारे दादाच्या शेजारचे गुरुजी. मी फळ्यापाशी उभी राहून त्या तारेतला कच्चा दुवा शोधू लागले... गुरुजी मुळात घाबरट, नुसती शुद्ध हरपली असेल, घाईघाईत तार ठोकली असेल. अमरावतीहून अकोल्याच्या एस.टी.त बसले तरी माझा युक्तिवाद सुरूच होता. ही खोड दादानंच लावलेली.

दादा अकोल्याच्या कोर्टात वकील. खटला हाती आला की आधी आपल्याच अशिलाला आडवा घ्यायचा. “आपला पुरावा पयले आपणच फोडाचा. मंग जे उरते, ते घेऊन कोर्टात जाचं.” अशील रडकुंडीला यायचे. धामणगावचा एक अडत्या तर कागद उचलून दुसऱ्या वकिलाकडे गेला. वहिनी म्हणायची, “यायले अशील नको, आरोपी पाह्यजे!”

तार यायच्या आधी, दिवाळीच्या सुट्टीत गेले तेव्हा दादा अंथरुणाला खिळलेला होता. तो बरा होणार, हे मला त्याच्याच तोंडून ऐकायचं होतं. त्याला पटलं असतं तर मलाही पटलं असतं.

“दादा, डॉक्टर आज हसत हसत गेले.”

“ते सगळ्याइच्याच घरून हसत जातेत. पुढं?”

“काल अर्धी भाकर खाल्ली तू.”

“तू पाह्यलं?”

“वहिनी सांगत होती.”

“म्हणजे ऐकीव. अन् वहिनी आपल्याच बाजूची साक्षीदार. पुढं बोल.”

मला रडू फुटलं. “काहून असा करून राहिला रे? एकदा तरी हो म्हण ना!”

तो माझा हात धरून म्हणाला, “कमे, तुही केस खरी निघावी असं मलेबी वाटते. पण वाटणं पुराव्यात धरत नाइत.”

मी चिडले. दोन दिवस त्याच्याशी धड बोलले नाही. त्या दोन दिवसांचं आता काय करू?

पाच आठवडे झाले. रविवारी मी अकोल्याला जाते. येईल त्याला वहिनी सांगते, “शांत गेले. झोपेतच. काईच तरास नाई झाला.” त्या सकाळी ती विहिरीवर पाणी भरायला गेली होती, हे तिनंच मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. खोलीत कोणीच नव्हतं... प्रश्न माझ्या अगदी ओठांवर येतो. तिच्या हातात दादाचा पांढरा सदरा असतो. कोणी घालत नाही, तरी ती तो धुते, वाळवते, घडी करते. मी सदऱ्याचं दुसरं टोक धरते आणि म्हणते, “हो वहिनी, शांतच गेला.”