नॉर्बर्ट हुडाक गाव बघतो

नॉर्बर्ट हुडाक लिफ्ट तपासायचा. क्लीव्हलंड आणि आसपासच्या इमारतींमधल्या लिफ्टमध्ये शिरायचं, वर जायचं, खाली यायचं, मध्येच मुद्दाम अडकून बघायचं आणि मग सही करायची, हे त्याचं काम. सही तो सहजासहजी करत नसे. ब्रुकनेल गावातल्या आमच्या दुमजली घराचा वरचा मजला त्याच्याकडे भाड्यानं होता आणि खालचा माझ्याकडे. राहायला आला त्या दिवशी त्यानं जिन्यात उभं राहून कठडा गदागदा हलवला. इतकी वर्षं त्या कठड्याबद्दल कुणाची काही तक्रार नव्हती. त्या दिवशी तो निखळून अंगणात पडला. नॉर्बर्ट म्हणाला, बरं झालं, आत्ताच कळलं.

अशा माणसाला मुलगी झाली आणि तिच्यासाठी शाळा बघायची पाळी त्याच्यावर आली.

आमच्याकडे शाळा कुणी बघत नाही, गाव बघतात. ज्या गावात तुमचं घर, त्या गावची सरकारी शाळा तुमच्या पोराची. फी नाही, देणगी नाही, फक्त घर तिथं पाहिजे. त्यामुळे दिवस गेलेल्या बाईला मुलगा हवा की मुलगी हे विचारण्याआधी लोक विचारतात, कुठल्या गावात जाणार? नॉर्बर्टच्या बायकोला, ग्वेनला, हे तिच्या बहिणीनं इस्पितळातच विचारलं. ग्वेन एका दवाखान्यात लोकांचे दात साफ करते. समोरच्याच्या तोंडात कायम हत्यार असल्यामुळे उलट उत्तर ऐकायची तिला सवय नाही. तिनं नवऱ्याला सांगितलं की टेस बालवर्गात जाईपर्यंत एखादं बरं गाव बघून ठेव. तो म्हणाला, बघतो.

आणि तो बघायला लागला. उपवर मुलीसाठी स्थळ बघावं तसं. फरक इतकाच, की मुलगी अजून दुपट्यात होती.

आधी त्यानं इंटरनेटवर पाहिलं. तिथं प्रत्येक शाळेला दहापैकी गुण दिलेले असतात आणि आमच्याकडचे आईबाप ते गुण तोंडपाठ म्हणून दाखवतात. नॉर्बर्टला एकच शंका आली. गुण देणारा माणूस त्या शाळेत कधी गेला होता का? याचं उत्तर मिळेना, तेव्हा त्यानं ते प्रकरण मिटवून टाकलं. दुसऱ्याच्या तोंडचं आपण मानत नाही, असं तो मला म्हणाला. मी नव्या कठड्याला धरून उभा होतो, त्यामुळे वाद घातला नाही.

मग त्यानं बर्नाडेट नावाची घरांची एजंट गाठली. बर्नाडेट चांगली बाई, पण गावातली शाळा चांगली की वाईट, वस्ती कशी, यावर तोंड उघडायची एजंट लोकांना बंदी आहे. एके काळी त्यांनी हेच बोलून बोलून काळ्यांनी कुठं आणि गोऱ्यांनी कुठं राहायचं हे परस्पर ठरवून टाकलं होतं, त्याची ही शिक्षा. नॉर्बर्ट विचारायचा, शाळा कशी आहे? ती सांगायची, नळ सगळे नवे आहेत. तो म्हणायचा, ते झालं, पण शाळा? ती म्हणायची, स्वयंपाकघरात सकाळचं ऊन येतं. असं वर्षभर चाललं. पुढं पुढं ती दार उघडून द्यायची आणि स्वतः गाडीत जाऊन बसायची.

तेव्हा नॉर्बर्टनं स्वतःची पद्धत काढली. दर शनिवारी तो बायको-मुलीला घेऊन एकेका गावात जायचा. अग्निशामक दलाच्या लोकांनी शाळेसाठी पॅनकेकची न्याहारी ठेवली की हा रांगेत उभा. चर्चमध्ये ईस्टरआधीच्या उपासात शुक्रवारी, मांस चालत नाही म्हणून, तळलेल्या माशांची पंगत असली की हा पंगतीत. शाळांच्या फुटबॉल सामन्यांना जाऊन तो अनोळखी पोरांसाठी टाळ्या वाजवायचा आणि कान मात्र आईबापांकडे लावायचा. हरणाऱ्या पोरांना जिथं शिव्या पडतात ते गाव बाद. बँडमधली ट्रोम्बोनवाली पोरं पाऊल चुकली की तेही बाद, कारण संगीताचा मास्तर टिकत नाही याची ती खूण. टेसची तर लहानपणी अशी समजूत होती की शनिवारी सगळेच लोक अनोळखी बंबवाल्यांकडे जेवतात.

असं करता करता लार्चवुड त्याच्या मनात भरलं.

लार्चवुडला झाडी आहे, रुंद पदपथ आहेत आणि गावची शाळा चालवणाऱ्या शाळामंडळाची सभा मंगळवारी संध्याकाळी शाळेच्या वाचनालयात भरते. या सभा सर्वांना खुल्या असतात, म्हणून कुणी येत नाही. मंडळाचे पाच सदस्य टेबलामागे बसायचे आणि समोर स्वेटर विणणारी एक आजी, जी तिथं गरम असतं म्हणून यायची. नॉर्बर्ट पहिल्या रांगेत जाऊन बसला. शेवटी अध्यक्षीण लेनोर स्टॅनविक सवयीनं म्हणाल्या, कुणाला काही बोलायचं आहे का? नॉर्बर्ट उठला आणि त्यानं विचारलं की बॉयलरच्या दाबाची झडप शेवटची कधी तपासली होती?

त्या पाचही जणांना हे माहीत नव्हतं. पुढच्या सभेला ते माहिती काढून आले आणि झडप बदलूनही आले. नॉर्बर्टला हे फार आवडलं. मग तो प्रत्येक सभेला जाऊ लागला. बस वळणावर मागं का घ्यावी लागते? ती घ्यावी लागेनाशी झाली. शाळेची लिफ्ट बंद का? व्हीलचेअरवरचा एक मुलगा प्रयोगशाळेत जायचा राहत होता, तो जाऊ लागला. संगीताच्या मास्तरांना अर्धवेळ का ठेवलंय? त्यांना पूर्णवेळ केलं. टेस रांगायची चालायला लागली, चालायची पळायला लागली, आणि लार्चवुडचं शाळामंडळ नॉर्बर्टला विचारल्याशिवाय छपराचा पत्रासुद्धा बदलेनासं झालं. शाळेसाठी घरपट्टी वाढवायची की नाही यावर तिथं मतदान आलं, तेव्हा हा पठ्ठ्या दारोदार फिरून लोकांना पटवत होता. वाढ थोडक्यात मंजूर झाली. मी त्याला विचारलं, तू तिथं घरपट्टी भरतोस का? तो म्हणाला, नाही, पण मुद्दा बरोबर आहे ना.

घर मात्र मिळेना. त्याला घर आवडायचं, मग तो तळघराच्या भिंती ठोकायचा, छपरावर चढायचा, मोरीच्या नळीत कॅमेरा सोडायचा. तोवर दुसरं कुणीतरी येऊन, ओट्यावर उभ्या उभ्या, ते घर घेऊन जायचं.

टेस पाच वर्षांची झाली त्या मार्चमध्ये ग्वेननं त्याला बसवून सांगितलं, "मेअखेर नाव घालायचं असतं, नॉर्ब. तोपर्यंत लार्चवुडचा पत्ता आण. नाही आणलास तर मी समोरच्या शाळेत तिचं नाव घालणार, आणि मग या विषयावर मला एक शब्द ऐकायचा नाही."

समोरची शाळा म्हणजे ब्रुकनेलची. आमच्या दारातून दिसते. बसकी, एकमजली, विटांची. ब्रुकनेलमध्ये जो येतो तो पोरं होईपर्यंत राहतो आणि मग त्या शाळेकडे न बघता निघून जातो. नॉर्बर्टचा चेहरा पडला. इतकी वर्षं ज्यासाठी घालवली तेच हातचं जाणार होतं.

एप्रिलमध्ये लेनोरबाईंनी त्याला निरोप पाठवला की येत्या सभेला घरच्यांना घेऊन या. केक असेल, असा नॉर्बर्टचा तर्क होता. म्हणून मीही गेलो.

केक होता. पण त्याआधी लेनोरबाई उभ्या राहिल्या. मंडळाचे एक सदस्य, फिल नावाचे गृहस्थ, फ्लोरिडाला राहायला चालले होते. त्यांची जागा उरलेल्या सदस्यांनी गावातल्याच माणसातून भरायची होती, आणि त्यांनी एकमतानं नॉर्बर्ट हुडाक यांना नेमायचं ठरवलं होतं. त्या दिवशी सभेला बरेच लोक आले होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चिटणीस पेन काढून म्हणाली, शपथेसाठी पत्ता सांगा.

"लिंडन रस्ता," नॉर्बर्ट म्हणाला. "ब्रुकनेल."

चिटणीसबाईंचं पेन थांबलं. लेनोरबाई हसऱ्या चेहऱ्यानं म्हणाल्या, "ब्रुकनेलला तुमचं ऑफिस असेल."

"नाही. घर आहे."

खरं म्हणजे इतक्या वर्षांत त्याला पत्ता कुणी विचारलाच नव्हता. आपल्याच गावच्या शाळामंडळाच्या सभेला कुणी येत नाही, तिथं दुसऱ्या गावचा माणूस येऊन बसेल ही शंका तरी कुणाला यावी? मागच्या रांगेतून ड्युई नावाचे एक म्हातारबाबा सावकाश उठले.

"तू माझ्या ओट्यावर उभा होतास," ते म्हणाले. "मी तुला लिंबू सरबत दिलं. तू मला माझी घरपट्टी वाढवायला सांगितलंस आणि मी वाढवली. आणि तू इथं राहतच नाहीस?"

"मुद्दा बरोबर होता," नॉर्बर्ट म्हणाला.

"मुद्द्याचं राहू दे. सरबत परत कर."

विणणाऱ्या आजींनी सुया खाली ठेवून विचारलं, "मग बाळा, तू इथं येतोस तरी कशाला?"

"शाळा बघायला."

"मग कशी वाटली?"

"अजून बघतोय."

लेनोरबाई शहाण्या. त्यांनी आधी सगळ्यांना केक वाटला, मग नॉर्बर्टला बाजूला घेतलं. फिलचं घर अजून बाजारात आलेलं नव्हतं. त्या म्हणाल्या, बाकी कुणाला कळायच्या आत ते तुम्ही घ्या. जागा आम्ही महिनाभर धरून ठेवतो. ड्युईंना मी समजावते.

त्या रविवारी आम्ही फिलच्या घरी गेलो. मला नॉर्बर्टनं शिडी धरायला नेलं होतं. त्यानं भिंती ठोकल्या, छपरावर चढला, नळीत कॅमेरा सोडला. कठडासुद्धा हलवून पाहिला. बाहेर आला तेव्हा तोंड पांढरंफटक.

"काय रे?" ग्वेननं विचारलं.

"काही नाही सापडलं."

"मग सही कर."

तो ओट्यावर बसला. पेन काढलं, परत खिशात ठेवलं. ग्वेन त्याच्या शेजारी बसली. मला वाटलं आता ती बोलणार, आणि ती बोललीच, पण आवाज चढवला नाही. पेशंटला आता थोडं दुखेल हे सांगताना काढत असेल तसा आवाज.

"इथली शाळा चांगली आहे?"

"आहे."

"कशावरून?"

नॉर्बर्टला हा प्रश्न सोपा होता. त्यानं बॉयलर सांगितला, बस सांगितली, लिफ्ट सांगितली, संगीताचे मास्तर सांगितले.

"हे सगळं मंडळाला कुणी विचारलं होतं?"

तो ओट्याची फळी ठोकून बघू लागला.

"म्हणजे इतकी वर्षं तू या लोकांची शाळा दुरुस्त करत होतास, शाळा चांगली झाली म्हणून घरं पटापट खपत होती, आणि तू नळीत कॅमेरा घालून बसला होतास. बरं, तेही असू दे. आपल्या समोरची शाळा कशी आहे?"

"वाईट."

"कशावरून?"

"सगळे म्हणतात."

"सगळे," ग्वेन म्हणाली. "आत कधी गेलायस?"

तो गेला नव्हता. त्या शाळेला लिफ्ट नव्हती, त्यामुळे कामानिमित्तही त्याचा तिच्याशी कधी संबंध आला नव्हता. क्लीव्हलंडच्या परिसरातली बहुतेक सगळी गावं ज्यानं पॅनकेक खाऊन तपासली, त्यानं स्वतःच्या दारासमोरचा रस्ता ओलांडला नव्हता. हे त्याच्या लक्षात येत असताना मी शिडी धरूनच उभा होतो. खाली ठेवली असती तर आवाज झाला असता.

फिलचं घर त्यानं घेतलं नाही. संध्याकाळच्या आत ते दुसऱ्या कुणी घेतलं.

सोमवारी नॉर्बर्टनं कामावर रजा टाकली आणि तो समोरच्या शाळेत गेला. सकाळी गेलेला माणूस दुपारी परतला. ग्वेन दवाखान्यातून जेवायला आली होती. आम्ही दोघं अंगणात वाट बघत होतो.

"छत गळतं," तो म्हणाला. "वायव्येच्या कोपऱ्यात. संगीताचे मास्तर आठवड्यातून एकदाच येतात. वाचनालयातला नकाशा इतका जुना आहे की त्यात माझ्या आज्याचा देश अजून शाबूत आहे." मग तो पायरीवर बसला. "बालवर्गाच्या बाई, मिस ओडम, पोरांना घेऊन पाणी प्यायला निघाल्या. एकदाही ओरडल्या नाहीत. पोरं बदकांसारखी मागून गेली. एक वाट चुकलं, तर बाकीची त्याच्यासाठी थांबली."

"मग?"

"गुरुवारी मंडळाची सभा असते म्हणे."

"आधी पोरीचं नाव घाल," ग्वेन म्हणाली.

तो तसाच परत गेला आणि नाव घालून आला. त्या सहीला फार वेळ लागला नाही, असं शाळेतल्या कारकूनबाई म्हणाल्या.

गुरुवारी तो गावच्या कचेरीत सभेला गेला. त्याला बघून ब्रुकनेलच्या मंडळाचे सदस्य गडबडले. हा चुकून आला असेल असं समजून एकानं सांगितलं की कुत्र्याचा परवाना वरच्या मजल्यावर मिळतो. नॉर्बर्टनं पहिल्या रांगेतल्या खुर्चीवरची धूळ पुसली आणि विचारलं, वायव्येच्या कोपऱ्याचं काय करायचं ठरवलंय?

ऑगस्टमध्ये शाळा उघडली. पहिल्या दिवशी टेस बापाचं बोट धरून रस्ता ओलांडून गेली. फाटकाच्या आत पाऊल टाकलं मात्र, नॉर्बर्टचं लक्ष वर छताकडे गेलं, तो थांबला आणि डोळे बारीक करून बघत राहिला. टेसनं थोडा वेळ वाट पाहिली, मग त्याचं बोट सोडलं आणि ती एकटीच आत गेली.