आत्तीनं झाकलेलं झाड

मेढ्याहून चुलतभावाचा फोन आला तेव्हा मी सांगलीत चित्रकलेच्या तासावर होतो. "आत्ती गेली रं," एवढंच तो म्हणाला. मी व्हरांड्यात येऊन उभा राहिलो... काही आठवडे झाले, अजून खरं वाटत नाही.

आत्ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. जावळीच्या डोंगरात, सदाहरित रानाच्या काठावर तिचा जन्म गेला. गुडघे गेल्यावर रान बंद झालं, तेव्हा तिनं ते मांजरपाटावर उतरवायला घेतलं. पण झाड एकटं काढायची नाही. रानात हिरड्याशेजारी अंजनी असेल तर चित्रातही अंजनीच, आणि ओढा वळतो तिथंच वळायचा. जरा सूट घे म्हटलं की माझ्यावरच खेकसायची, "शेजार मोडला तर झाड वळखायचं कसं?"

सांगलीच्या नव्या कलादालनात तिची चित्रं लागली. दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ सर्वांत मोठ्या चित्रापुढं फार वेळ थांबले. ओढा कुठल्या गावाच्या वर, खडक अजून आहे का, असं मऊ आवाजात विचारत राहिले. फोटोला बंदी होती. चित्र मीच घेतो, आधी भागीदाराला बघायला घेऊन येतो, असं सांगून ते गेले. शेजारी बसलेल्या आत्तीचा चेहरा उतरला होता.

"त्यानं नरक्या वळखला. आन वाटबी."

औषधासाठी नरक्याची खोडं चोरून तोडतात, हे आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे. तिनं रंग मागितला. दालनाचे चालक विकल्यात जमा झालेलं चित्र म्हणून अडून बसले, मी त्यांच्याशी हुज्जत घालत जिन्याकडं बघत होतो. तोवर तिनं गर्द हिरवा कालवून झाड, खडक, ओढ्याचं वळण, सगळं लिंपायला घेतलं. ते दोघं आले तेव्हा रंग ओलाच होता. गृहस्थ नको नको ते बोलले. आत्ती स्टुलावर बसून कुंचला पुसत राहिली.

परतताना एसटीत मात्र रडली. "समद्यांत त्येच चांगलं उतरलं हुतं रं."

ते चित्र माझ्याकडं आहे. परवा भिंत रंगवायची म्हणून खाली उतरवलं आणि मागची बाजू दिसली. पातळ मांजरपाटातून तिचा पहिला रंग आरपार झिरपला होता. नरक्या उभा होता, पानासकट, खडकासकट... मग प्लाय आणून चौकटीला मागून ठोकायला बसलो. शेवटचा खिळा मारण्याआधी फळी जरा उचलून पुन्हा एकदा पाहून घेतलं.