खंय झाला ता सांग

गाडी दारात आली की बाकीचे मेस्त्री आधी बॉनेट उघडतात. आमचे विठू मेस्त्री आधी गाडीवाल्याला समोर बसवत. स्वतः उकिडवे बसत, कानावरचा खडू काढून बोटांत फिरवत आणि विचारत, "काय झाला ता सांगा नको. खंय झाला ता सांग." काय झालं ते नको, कुठे झालं ते सांग, हे ऐकून नवा माणूस गांगरून जाई. आपण घरून पाठ करून आणलेलं सगळं दुखणं हा माणूस ऐकायलाच तयार नाही, हे त्याला अपमानासारखं वाटे.

मलाही वाटलं होतं. आमची फोर-व्हीलची पिकअप म्हणजे वाडीतली तशी एकुलती एक गाडी, त्यामुळे तिच्यापेक्षा मीच जास्त फुगलेला. सकाळी पुळणीवरून, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूतून, मासळी भरायची, कुडाळला पोचवायची आणि पावसाळ्याच्या तोंडावर वाडीतल्या होड्या ओढून सुरूच्या झाडांपलीकडे ठेवायच्या, हे माझं काम. एके वर्षी ती वळणावर अडखळायला लागली, खालून कडकड आवाज येऊ लागला. एका मोठ्या गॅरेजवाल्याने गिअरबॉक्स उतरवायला सांगितला. मी घाबरून मेस्त्रींकडे गेलो.

"पुळणीर आवाज येता?"

"नाय."

"डांबरार?"

"होय. वळणार जास्त."

"तेवा फोरचो लिव्हर खंय आसता?"

खरं सांगायचं तर चारही चाकांना जोर देणारा तो लिव्हर वाळूतून वर आल्यावर काढायचा मला कंटाळा होता. उद्या पुन्हा वाळूतच जायचं आहे, मग काढा कशाला? शिवाय फोर-व्हीलचा तो हिरवा दिवा समोर पेटलेला बघायला बरं वाटायचं. किनाऱ्यावरच्या आम्हा सगळ्या ड्रायव्हरांना ही खोड होती.

मेस्त्रींनी सुंभाचा तुकडा घेतला, एका पुढच्या टायरभोवती गुंडाळून खडूने खूण केली, मग तोच सुंभ मागच्या टायरभोवती धरला. चांगली चार बोटं उरली. पुढचे टायर मी नुकतेच नवे घातले होते, मागचे झिजलेले.

"फुडल्या चाकाचा पाऊल मोठा, मागल्याचा ल्हान," ते म्हणाले. "आणि तू तेंका हातात हात बांधून चलवतंस. पुळणीत वाळू सरकता, समजून घेता. डांबर समजून घेणा नाय. लिव्हर काढ, टायर सारखे कर, आणि घराक जा."

एकही नट न खोलता गाडी बरी झाली. त्या दिवसापासून मी त्यांचा भक्त. काम नसलं तरी त्यांच्या शेडमध्ये जाऊन बसायचो आणि बघायचो.

उमेदीची वर्षं त्यांनी लष्कराच्या वर्कशॉपमध्ये काढली होती, डोंगरातल्या गाड्या दुरुस्त करण्यात. पण त्या गोष्टी ते कधी सांगत नसत. विचारलं तर म्हणत, "थंय थंडी होती, हंय घाम आसा. गाडी तीच." कुणी घाईने पाना उचलला की ओरडत, "आधी डोक्याक घाम येवंदे, मगे हाताक!" धामापूरपासून फोंडाघाटापर्यंतच्या जीपवाल्यांना ते वाक्य पाठ होतं. सगळ्यांनी ते कधी ना कधी खाल्लं होतं.

मग एका वर्षी वादळ आलं. दुपारपर्यंत सगळ्या होड्या वर घ्या, असा निरोप आला आणि सगळी वाडी पुळणीवर जमली. मी उतरून पुढच्या प्रत्येक चाकाच्या मध्यभागी असलेली कळ, म्हणजे हब, फिरवून लॉक केली. ती लॉक केल्याशिवाय पुढच्या चाकांना इंजिनाचा जोर मिळत नाही. लिव्हर टाकला. हिरवा दिवा लागला; तो नुसत्या लिव्हरवर लागतो, हब लावलेला असो वा नसो. पाच होड्या निघाल्या. सहावी, सगळ्यांत जड, माझ्या काकांची, बाबीकाकांची. तिच्यावर दोन घरं जेवत होती. तिला दोर लावला आणि गाडीची मागची चाकं जागच्या जागी फिरून एक्सलपर्यंत वाळूत गेली. पुढची चाकं ढिम्म.

लाट होडीच्या बुडाखालून जाऊन येऊ लागली. चाळीस माणसं ओढत होती, तरी ती हलेना. आणि जो तो माझ्यावर तुटून पडला. "ह्येना हबच लावूक नाय! नुसतो दिवो बघता!" बाबीकाकांनी तर माझ्याकडे बघणंच सोडलं. मी हब लावला होता. पण दिवा बघत बसण्याची माझी खोड सगळ्यांना ठाऊक, मग कोण विश्वास ठेवणार?

कुणीतरी मेस्त्रींना स्कूटरवर घालून आणलं. सत्तरी ओलांडलेला माणूस, आल्या आल्या पुळणीवर आडवा झाला. इतकी माणसं ओरडताहेत, समुद्र जवळ येतोय, पण त्यांनी पाना मागितला नाही. पुढच्या चाकांकडे जोर नेणाऱ्या शाफ्टवर खडूची एक रेघ, दोन्ही एक्सलांवर आणि चाकांवर एकेक. मग बाजूला सरून म्हणाले, "जरा क्लच सोड." मी सोडला.

"शाफ्ट फिरता. डावो एक्सलय फिरता. डावा चाक फिरणा नाय. डावो हब खोल."

मी हब खोलला. आत घट्ट ग्रीस दाबून भरलेलं, मेणासारखं थिजलेलं. बाहेरून कळ फिरली होती, पण त्या ग्रीसमुळे आतली कडी पुढे सरकून एक्सलला पकडतच नव्हती; सगळा जोर त्या मोकळ्या एक्सलमध्ये वाया जात होता, म्हणून उजवं चाकही ढिम्म. मेस्त्रींनी बोटाने ते ग्रीस काढलं आणि क्षणभर बघत राहिले. मला कळलं. मिठाचं पाणी शिरू नये म्हणून दिवाळीत ते त्यांनीच भरलं होतं.

चाकापाशी वाकलेले आम्ही दोघंच होतो. ते चिंधीने पुसून टाकलं असतं तर कुणालाही कळलं नसतं, आणि मी तर मेलो तरी बोललो नसतो. "मेस्त्र्यांनू, ऱ्हवांदे," मी पुटपुटलोसुद्धा.

ते उठून उभे राहिले. ग्रीसने भरलेला हात वर केला आणि सगळ्या पुळणीला ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्येची चूक नाय! ह्येना हब लावलेलो. ग्रीस मी भरलंय, नको तितक्या भरलंय. चूक माजी आसा!"

मग मेस्त्री परत खाली बसून डिझेलने कडी धुवायला लागले. पुसून, पातळ तेलाचे दोन थेंब सोडून त्यांनी हब बसवला. मागच्या चाकांखाली फळ्या घातल्या, मी लिव्हर टाकला, आणि या वेळी पुढच्या चाकांनी वाळू धरली. बाबीकाकांची होडी वर आली. काका माझ्या पाठीवर हात ठेवून नुसते उभे राहिले.

वादळ सरल्यावर मेस्त्री चार दिवस माझ्याच गाडीत बसून गावोगाव फिरले. जिथे जिथे त्यांनी तसं ग्रीस भरलं होतं, तिथे तिथे उतरून म्हणाले, "हब खोल रे, माजी चूक आसा." मोठमोठ्या माणसांबरोबर मी गाडीतून फिरलोय, पण त्या चार दिवसांइतकी छाती माझी कधी फुगली नाही. अशा माणसाचा मी ड्रायव्हर होतो.

गेल्या उन्हाळ्यात मेस्त्री गेले. समुद्राकाठच्या स्मशानापर्यंत सरणाची लाकडं माझ्या पिकअपमधून गेली. वाळू सुरू होण्याआधी मी उतरलो, दोन्ही हब स्वतःच्या हाताने फिरवले, चाकांवर खडूच्या रेघा मारल्या आणि चाकं फिरताना वाकून बघितली. मागून येणारे थांबले. कुणीही घाई कर म्हटलं नाही.

परतताना बाबीकाका शेजारी बसले होते. पुळण संपली तिथे मी गाडी थांबवली आणि लिव्हर काढला. हिरवा दिवा विझला.

"काय झाला रे?" काकांनी दचकून विचारलं.

"काय नाय, काका," मी डोळे पुसत म्हटलं. "डांबर इला."