फक्त आडनावाच्या गटात

आमच्या लॉन्ड्रीत तिला सगळेच ताई म्हणायचे. टेम्पोवाला म्हणायचा, गिऱ्हाइकं म्हणायची, आणि तिच्याहून वयानं चांगला थोरला असलेला मालकही म्हणायचा. ज्याचा हे म्हणायचा खरा हक्क, तो तिचा पाठचा भाऊ तेवढा कुठं होता ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

ताईचं काम नावं टाचायचं. कपडे आले की आधी तिच्या टेबलावर. कॉलरला किंवा कमरेला आतून एक पांढरी कापडी पट्टी, त्यावर न पुसणाऱ्या शाईनं गिऱ्हाइकाचं आडनाव. मग कपडा भट्टीत जावो, वाफेत जावो, पट्टी पाहून तो आपल्या घरी परत जायचा. पट्टी सुटलेले कपडे कोपऱ्यातल्या बेवारस पेटीत. मी तिच्या शेजारी इस्त्रीच्या टेबलावर असायचे, म्हणून तिचं रडगाणं म्हणा, गाणं म्हणा, रोज माझ्याच कानावर पडायचं.

भावाचं घरातलं नाव ढब्बू. लहानपणी गुटगुटीत होता म्हणून पडलेलं, पुढं हडकला तरी तेच राहिलं. बापाचं कुलपं-किल्ल्यांचं दुकान होतं आणि पोरानं त्याच गल्ल्यावर बसायचं हे बापानं पोरगा पाळण्यात असतानाच ठरवून टाकलेलं. ढब्बूला ट्रकवर जायचं होतं. एका सकाळी दोघांचं कडाक्याचं वाजलं. "उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलंस तर माझं नाव लावू नकोस," असं बाप ओरडला. ताई आत भाजी चिरत होती, तिनं ते स्वतःच्या कानांनी ऐकलं. ढब्बूनं बूट घातले, आत डोकावून "येतो गं तायडे" म्हणाला आणि गेला तो गेलाच. आई त्याच्या आधीच वारलेली. पुढं ताईचं लग्न झालं, बाप वारला, दुकान असलेली अख्खी गल्लीच रस्ता रुंद करताना पाडली, आणि ताईचा नवराही तिला सोडून देवाघरी गेला. ढब्बूचा पत्ता नाही तो नाहीच.

ट्रकवाल्यांच्या संघटना झाल्या, पोलीस झाले, पेपरातला फोटो झाला. मग कुणीतरी तिला सांगितलं, की एकाच आडनावाची माणसं जगभरातून एकत्र येऊन गट करतात. आपापला डीएनए तपासून घेतात आणि कोण कुणाचा रक्ताचा ते जुळवून पाहतात. ताईनं धावत नाव नोंदवलं. आणि पहिल्याच पायरीला घोडं अडलं, कारण आडनावाबरोबर चालणारी डीएनएतली ती खूण बापाकडून मुलाकडेच जाते. मुलीत ती नसतेच.

"म्हणजे मी बापाची कुणीच नाही?" ताईनं मला विचारलं.

माझं डोकं तडकलं. "आहेस ना. म्हाताऱ्याची शेवटपर्यंत भांडी घासायला होतीस की!" मी म्हणाले. ती हसली. पण बापाच्या रक्ताचा पुरुष हवाच होता, आणि असा एकच उरला होता, तिचा चुलतभाऊ. त्याच्या बापानं आणि हिच्या बापानं दुकानावरून एकमेकांचं तोंड पाहणं सोडलं होतं, आणि पोरांनी ते वैर इमानेइतबारे सांभाळलं होतं.

ताई एकटी जायला धजेना, म्हणून मी बरोबर गेले. चुलतभाऊ दार अर्धवट उघडून उभा राहिला. रक्त काढतील, मग किडनी मागतील, असलं काहीतरी त्याच्या डोक्यात होतं. गालाच्या आतून नुसता कापसाचा बोळा फिरवायचा, हे कळल्यावर तो जरा खजील झाला. म्हणाला, "एवढंच ना? ढब्बूसाठी देतो. आम्ही दोघं एकाच सायकलवर शिकलो. पण एक सांगतो, आपल्या आडनावाच्या माणसांखेरीज कुणाला माझं काही दिसता कामा नये. परक्यांना कशाला माझी कुळकथा?"

नोंदणीच्या पानावर तसा प्रश्न होताच. जुळवणी सगळ्यांशी करायची, की फक्त आडनावाच्या गटात? आम्ही तिघं त्याच्या जेवणाच्या टेबलाशी बसलो होतो. ताईनं क्षणभरही विचार केला नाही. "गटातच," ती म्हणाली. "आमचा ढब्बू जीव देईल, नाव सोडणार नाही." आणि स्वतःच्या बोटानं खूण करून मोकळी झाली.

तेव्हा ते मला अगदी बरोबर वाटलं. बाई स्वतः लग्नाच्या दिवशी बापाचं नाव टाकून नवऱ्याचं लावून बसली होती, आणि पुरुषानं नाव बदललं असेल हे तिच्या स्वप्नातही येत नव्हतं. आता आठवलं की माझा मलाच संताप येतो, पण कुणावर काढायचा?

मग वाट पाहणं सुरू झालं. जुळणारे पुष्कळ निघाले, पण सगळे लांबचे, दहा-बारा पिढ्यांपूर्वी कुठंतरी एक असलेले. कुणी दंतवैद्य, कुणी मासे पकडणारा, एक निवृत्त गृहस्थ तर दर महिन्याला वंशवृक्ष पाठवून ताईचं डोकं खायचा. "भाऊबंद झाले ढीगभर," ती पट्ट्या कापता कापता म्हणायची, "भाऊ तेवढा राहिला." तरी रोज जेवायच्या सुट्टीत माझा फोन मागून यादी बघायची. नवीन काही नसलं की फोन माझ्या हातात ठेवून डबा उघडायची. अशी वर्षं गेली. तिचे केस पांढरे झाले, चष्म्याची काच जाड झाली, आणि यादी बघायची सवय मात्र गेली नाही.

यंदा उन्हाळ्यात गट चालवणाऱ्या बाई बदलल्या. नव्या बाईंनी जुनी खाती तपासताना ताईला फोन केला. "तुमची जुळवणी गटापुरतीच का हो ठेवलीय? भाऊ हरवलाय म्हणता ना? अहो, घर सोडलेला माणूस पुष्कळदा नावही सोडतो. तुम्ही बंद ठेवलंत तर त्यालाही तुम्ही दिसणार नाही."

ताईनं सुई खाली ठेवली. तिनं चुलतभावाला फोन लावला. तो आता अंथरुणाला खिळला होता. "उघड सगळं," तो म्हणाला. "माझी कसली आलीय कुळकथा!"

उघडल्यावर काही दिवसांत एक नाव आलं. अगदी जवळचं, नमुना देणाऱ्याचा सख्खा चुलतभाऊच असावा असं जुळणारं. आडनाव वेगळं होतं. मी ते वाचून दाखवलं तशी ताई खुर्चीत बसली.

"हे तर आईच्या माहेरचं," ती म्हणाली.

बापानं सांगितलं होतं, माझं नाव लावू नकोस. त्यानं लावलं नाही. आईचं लावलं. "आमच्या घरात बापाचा शब्द कुणी तंतोतंत पाळला असेल," ताई म्हणाली, "तर त्यानंच गं. आणि मी तिथंच होते, भाजी चिरत. मी ऐकलं होतं." त्या खात्यावर आम्ही निरोप पाठवला. ताईनं त्या दिवशी डबा उघडला नाही. भावाला काय आवडायचं, तो आल्यावर त्याला झोपवायचं कुठं, गादी कुणाकडून मागायची, हेच संध्याकाळपर्यंत बोलत होती. इतक्या वर्षांत तिला तसं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फोन आला तो एका मुलीचा. ते खातं आता तीच बघत होती. बाबा गेल्या हिवाळ्यात गेले, ती म्हणाली. छातीत कळ आली आणि गेले. ते एकदा गावी येऊन गेले होते, पण गल्लीच उरलेली नव्हती, आणि बहिणीच्या सासरचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. मग त्यांनीही या तपासणीत नाव घातलं. "सगळ्यांसाठी उघडं ठेवलं होतं," मुलगी सांगत होती. "दर रविवारी चहा झाला की बघायचे. म्हणायचे, तायडी शोधत असेल तर इथंच येईल."

"कधीपासून बघत होता?" ताईनं विचारलं.

मुलीनं वर्ष सांगितलं. आम्ही चुलतभावाकडे गेलो होतो त्याच्या पुढचंच. ताईनं फोन ठेवला, उठली, आणि उरलेल्या कपड्यांना पट्ट्या टाचत बसली. मी काही बोलायला गेले तर हातानंच नको म्हणाली. ती रडत का नाही, याचीच मला धास्ती वाटत होती.

मुलगी भेटायला आली ती लॉन्ड्रीतच, कारण ताई म्हणाली, मी घरी बसले तर वेडी होईन. उंच, सावळी पोर. वाकून "आत्या" म्हणाली. ताईला आयुष्यात आत्या म्हणणारं ते पहिलंच माणूस. पोरीनं पिशवीतून बापाचा कोट काढला, तपकिरी, कोपरांवर झिजलेला.

ताईनं तो घेतला आणि हाताच्या सवयीनं कॉलर उलटून पाहिली. आत दुसऱ्या कुठल्यातरी लॉन्ड्रीची पट्टी होती, तिच्यासारख्याच कुणीतरी टाचलेली. त्यावर आईच्या माहेरचं नाव.

"आत्या, मी तुमचं मूळ नाव लावू का आता?" पोरगी म्हणाली. "बाबांना बरं वाटेल."

"नको गं बाई," ताई म्हणाली. "त्या नावापायी बापानं त्याला बाहेर काढलं. आणि तो परत आला तर त्याच नावापायी मी दार लावून बसले होते."

मग तिनं तो कोट तोंडाशी धरला. भट्टीचा आवाज होता, पण तिचं रडणं पार बाहेर काउंटरपर्यंत ऐकू गेलं. "मी इथंच होते रे ढब्ब्या," ती म्हणत होती, "मी इथंच होते."