अर्डिथ घरी राहिली तो हंगाम

स्ट्रॉमवुड कॉलेजच्या सत्त्याऐंशी सालच्या अमेरिकन फुटबॉल संघाबद्दल ऐकायचं असेल तर लोक माझ्या मेव्हण्याकडे जातात. व्हर्लिन ओबर्ग धान्याच्या कोठारावर वजनकाटा सांभाळायचा. आता त्र्याऐंशीचा झालाय. सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण त्या वर्षीचा एकेक डाव तोंडपाठ आहे. कोण कुठून पळाला, कोणाच्या हातून चेंडू निसटला, वारा कुठल्या बाजूचा होता, सगळं. मी शेजारी बसून ऐकते आणि मला त्याचा राग येतो. इतकी वर्षं झाली, तरी येतो.

त्याआधीची एकवीस वर्षं त्याने आणि माझ्या थोरल्या बहिणीने, अर्डिथने, एकही सामना चुकवला नव्हता. आमचा संघ हरायलाच जन्माला आलेला. नोव्हेंबरच्या बर्फात दोघं एकाच घोंगडीत बसायची, पोरं मार खायची आणि अर्डिथ म्हणायची, "चला, हातपाय तरी शाबूत राहिले सगळ्यांचे."

त्या वर्षी पहिल्याच सामन्याला ती तापाने झोपली. व्हर्लिन एकटा गेला आणि आम्ही जिंकलो. सोमवारी पोस्टातला गस तिला म्हणाला, "अर्डिथ, एवढ्यात बरी होऊ नकोस हं." सगळे हसले. तीही हसली. पुढच्या शनिवारी ती कोट घालून दारापर्यंत आली आणि स्वतःच कोट काढून ठेवला. "एकदा बघू तर खरं," म्हणाली. पुन्हा जिंकलो.

मग कोण काय बदलणार? संघ जिंकत असताना आमच्याकडे कोणी मोजेसुद्धा धूत नाही. व्हर्लिनच्या टोपीला वास यायला लागला होता. पाद्रीबाबा गाडी त्याच झाडाखाली लावायचे. आणि अर्डिथ घरी राहायची, चिलीचं, म्हणजे मांस-राजम्याच्या तिखट रश्श्याचं, पातेलं शेगडीवर ठेवून रेडिओ ऐकत. नऊ सामने, नऊ विजय. शहर वेडं झालं होतं, खोटं कशाला बोलू, मीही झाले होते.

शेवटचा सामना आमच्याच मैदानावर होता. जिंकलो तर विजेतेपद. गुरुवारी मी त्यांच्याकडे जेवायला होते. ताटं उचलता उचलता अर्डिथ म्हणाली, "व्हर्लिन, शनिवारी मी येऊ?"

तो टेबलावरचे पावाचे तुकडे गोळा करायला लागला.

"हरताना सगळ्यांना पाहिलंय रे. एकदा जिंकताना बघायचंय."

"ये की. तुला कोण अडवतंय?" तो म्हणाला, पण इतकं चाचरत म्हणाला की ते न म्हणण्यासारखंच होतं. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या वेळी मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. मी म्हणाले, "अगं, आता एकच तर राहिलाय."

"बरं," ती म्हणाली आणि दालचिनीचे रोल वाढायला लागली.

व्हर्लिनवर राग काढणं मला सोपं पडतं, ते यामुळे.

शनिवारी आम्ही तीन गुणांनी हरलो. शेवटच्या क्षणी मारलेला चेंडू गोलखांबाला लागून बाहेर गेला. व्हर्लिन आणि मी तडक गाडीत बसलो. घरी आलो तेव्हा रेडिओ बंद होता. अर्डिथने दोघांसमोर वाडगे ठेवले, स्वतः बसली आणि म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळे नव्हतं तर."

टोमणा नव्हता तो. तिला खरंच बरं वाटलं होतं, आणि मला तेच सहन होत नाही. अख्खा हंगाम आम्ही सगळ्यांनी मिळून हसत हसत तिला अपशकुनी ठरवलं होतं, आणि तिने मनातून ते खरं मानलं होतं.

"पुढच्या वर्षी येते मी," ती म्हणाली. व्हर्लिनने मान हलवली.

मार्चमध्ये तिचं हृदय बंद पडलं. चव्वेचाळीस वर्षांची होती. आमचा हंगाम सप्टेंबरमध्ये सुरू होतो.