साहेबांच्या फ्रिजला हात लावायचा नाही

जिवलग मैत्रिणीचं भलं होताना पाहून तुम्ही कधी एखाद्या तत्त्वाच्या आड लपला आहात का? मी लपले आहे. तत्त्व चांगलं होतं, म्हणून कुणाला संशयही आला नाही.

माझं पहिलं वाचन पत्रकांचं. आबा, म्हणजे माझे वडील, मूळचे टाकवे बुद्रुकचे. धरणाच्या कामावर मजुरीला होते तेव्हा मोर्च्याची पत्रकं घरी आणायचे. मी त्यांची वह्यांना कव्हरं घालायची आणि वर्गात बाईंची पाठ वळली की कव्हरच वाचत बसायची. पुढे आबा लोणावळ्यात, तुंगार्लीला, मुंबईच्या एका साहेबांचा बंगला राखू लागले. मागच्या दोन खोल्या आमच्या. कॉलेजात गेल्यावर मी स्वतःच पत्रकं लिहू लागले आणि घरात नियम केला: मालकाची वस्तू आपण वापरायची नाही. आबा हसायचे, पण पाळायचे.

मैत्रीण कॉलेजातली, पुण्याची. दोघींनी बरोबर एम.एस्सी. केलं, पुण्यातल्या एकाच प्रयोगशाळेत संशोधनासाठी मुलाखत दिली. तिला घेतलं, मला नाही. मी सगळ्यांना सांगत सुटले की असलं संशोधन ही श्रीमंत देशांची चैन आहे. आमच्या डोंगरातल्या वाड्यांना साधा दवाखाना नाही. दवाखाना खरंच नव्हता. पण मला घेतलं असतं तर मी वाड्यांची आठवण काढली असती का, हे मी स्वतःला विचारलं नाही.

आणीबाणी उठून वर्ष झालं असेल. उन्हाळा होता. ती मुंबईच्या एका प्रयोगशाळेत महिनाभर राहून एक एन्झाइम तयार करून पुण्याला नेत होती. परदेशातून मागवलं तर यायला फार वेळ लागायचा, म्हणून जिवाणू वाढवून त्यांच्यातून ते हातानं वेगळं काढायचं. लोणावळ्याच्या पुढे मालगाडी घसरली आणि गाड्या थांबल्या. एसटीला उभं राहायलाही जागा नव्हती. दिवे लागायच्या सुमाराला ती आमच्या दारात आली. खांद्याच्या पिशवीत थर्मास, थर्मासात बर्फ, बर्फात बोटाच्या पेराएवढी नळी.

"एवढ्याशा पान्यासाठी येवढी बडदास्त?" आबांनी विचारलं.

"पाणी नाही आबा, कात्री आहे."

"आमची बगितली का कात्री? कुंपनाची मेंदी कापतीया रोज."

"तुमची कुठंही कापते. ही निवडून कापते." तिनं जमिनीवर खडूनं अक्षरं लिहिली. डीएनए म्हणजे चार अक्षरांची लांबच लांब जोडदोरी. त्यात जिथं जी-ए-ए-टी-टी-सी अशी सहा अक्षरं ओळीनं येतील तिथंच हे एन्झाइम दोरी तोडतं. बाहेरचा विषाणू आत शिरला की जिवाणू याच कात्रीनं त्याचे तुकडे करतो.

"आन् सोताचंच कापलं म्हंजी?"

"स्वतःच्या दोरीवर त्या जागी तो आधीच खूण करून ठेवतो. खूण असली की कात्री सोडून देते."

"लय हुशार हाये की! पर तुमाला काय उपेग?"

ती मांडी घालून बसली. दोन वेगळ्या जीवांची दोरी याच कात्रीनं तोडली तर टोकं सारखी येतात, मग एकाचा तुकडा दुसऱ्याला जोडता येतो. शिवाय तुकडे केवढे पडले यावरून कापायच्या जागा कुठे आहेत त्याचा नकाशा काढता येतो. एक विषाणू आहे, त्याची दोरी हे एन्झाइम पाच ठिकाणी तोडतं. फोटोत तुकड्यांचे सहा वेगळे पट्टे दिसले तर तिचं काम जमलं. नाही दिसले तर तिच्या प्रयोगशाळेतले सर तिला या कामावरून काढणार होते.

मला ते सगळं इतकं आवडलं की रागच आला. तो खडू माझ्या हातात असायला हवा होता.

तिनं थर्मास उघडला. बर्फ निम्मा वितळला होता, आणि गार राहिलं नाही तर एन्झाइम निकामी होतं.

"मग सायबांच्या फ्रिजात ठिव की," आबा म्हणाले. "सायबच म्हनलेत, पाव्हनं आलं तर वापरा. किल्ली हितंच हाये."

"नाही," मी म्हणाले. "मालकाच्या फ्रिजला हात लावायचा नाही. नियम म्हणजे नियम."

"अगं पोरीचं काम हाये."

"आपल्या सोयीनं मोडायचा तर नियम कशाला करायचा, आबा?"

मैत्रीण हसली. "राहू दे आबा. हिच्या तत्त्वापुढे कुणाचं चाललंय? टिकेल सकाळपर्यंत." बाजारातलं बर्फाचं दुकान तोवर बंद झालं होतं. सकाळी थर्मासात कोमट पाणी होतं आणि नळी त्यात तरंगत होती.

आठवड्यानं तिचं कार्ड आलं. सहा पट्ट्यांच्या जागी वरती एकच जाड पट्टा. दोरी कुठेच तुटली नव्हती. सर तिला निष्काळजी म्हणाले होते. बर्फ जास्त घ्यायला हवा होता, चूक माझीच, असं तिनं लिहिलं होतं. ते वाचून मला बरं वाटलं. लिहायची लाज वाटते, पण बरं वाटलं. दोन दिवस टिकलं ते. मग आबांनी विचारलं, "तिच्या कात्रीचं काय झालं गं?" आणि मी कार्ड त्यांच्यापासून लपवलं.

मी पुण्याला गेले. प्रयोगशाळेच्या जिन्यात तिला गाठून सांगितलं, "तो नियम नव्हता. तुझं काम जमू नये असं मला वाटत होतं."

ती एक पायरी वर चढली. मग म्हणाली, "मला काय सांगतेस? सरांना सांग."

सरांपुढे मी उभी राहिले. ते ओरडले नाहीत. थर्मास किती तास तसाच होता एवढं विचारलं आणि तिच्या प्रयोगवहीत त्या पट्ट्याच्या फोटोशेजारी लिहिलं: नमुना वाटेत गार राहिला नाही. तिला म्हणाले, "पुन्हा जा मुंबईला." ती मला पोचवायला खाली आली नाही. तिचं बरोबरच होतं.

तुमच्या हातून झालेली चूक कुणा दुसऱ्याच्या नावावर लागली असेल, तर ज्यानं ती तिथं लिहिली त्याच्यासमोर या आठवड्यात जाऊन उभे राहा. कार्ड टाकू नका. स्वतः जा, आणि ती खोडून मगच परत या.