तांड्याच्या फाट्यावरचा चाळीसचा बोर्ड

बायकोला माझं बहुतेक सगळं ठाऊक आहे. तंबाखू सोडल्याचं खोटं सांगतो तेही. पण ही एक गोष्ट तिच्या कानावर नाही, कुणाच्याच नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही आमच्या स्टँडवरचे नाही, एवढंच कारण असावं.

मी पांढरकवडा ते करंजी काळी-पिवळी जीप चालवतो. रस्ता हैदराबादचा हायवे — गुळगुळीत, सरळ. मधे तांड्याचा फाटा लागतो. एसटी तिथं थांबत नाही, त्यामुळे तांड्यातल्या गोरमाटी, म्हणजे बंजारा लोकांना बाजार, दवाखाना, कॉलेज, सगळं आम्हा जीपवाल्यांच्या भरवशावर. पूर्वी त्या फाट्यावर ऐंशीनं गाडी जायची. मग एका आठवड्यात बोर्ड बदलला, चाळीस झाला, आणि पुढं खांबावर कॅमेरा बसला.

स्टँडवर जो काय संताप झाला! रस्ता बांधला विमानाचा आणि त्यावर चालायचं बैलबंडीनं? चाळीसच्या वर काटा गेला की मोबाईलवर चलान. मागून ट्रकवाले हॉर्न मारून जीव खातात, आणि परत यायला उशीर झाला की स्टँडवर आपला नंबर मागं पडतो, सवारी दुसऱ्याच्या गाडीत. चिडणं काही खोटं नव्हतं.

मला मात्र त्या कॅमेऱ्याचं कुतूहलच जास्त. ही माझी जुनी खोड आहे, लहानपणी रेडिओ उघडून बसायचो. त्याला नेमकं काय दिसतं? पावसात दिसतं का? आत बसलेला माणूस कळतो का? पहिलं चलान आलं तेव्हा फोटो बोटांनी मोठा करकरून पाहिला. गाडी स्पष्ट, नंबर स्पष्ट, आणि जिथं मी असायला हवा तिथं काचेवरची नुसती चमक. मला बरं वाटलं. का बरं वाटलं असेल? तेव्हा हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही.

आणि त्या कॅमेऱ्याला सगळ्यात मोठ्या आवाजात शिव्या कोण देत होतं? मीच.

आता इथून जरा अडखळायला होतं — पण सांगतो.

बोर्ड बदलण्याच्या आधीची गोष्ट. सकाळची वेळ. पुढच्या थांब्यावरच्या सवाऱ्या आपल्याला मिळाव्यात म्हणून मी आमच्यातल्याच एका जीपशी शर्यत लावली होती. फाट्यावर एका ट्रकला ओव्हरटेक केलं, आणि समोर रस्ता ओलांडणारी एक पोरगी. ती मागं सरली म्हणून वाचली. मी ब्रेक दाबलाच नव्हता, पायच हलला नाही. तिची निळी बॅग उडून पडलेली आरशात दिसली. मी थांबलो का? नाही थांबलो.

ती पूजा होती. तांड्यातली, पांढरकवड्याला कॉलेजात शिकणारी. पुढं आठवडाभरात ती माझ्याच गाडीत माझ्या शेजारी बसली, तीच बॅग मांडीवर. मोठी चौकस पोरगी. गियर बदलला की आवाज का बदलतो, डिझेल संपायच्या आधी काटा का थरथरतो, नाना प्रश्न. मला ती आवडायची, माझ्याच जातकुळीची वाटायची. बोलता बोलता म्हणाली, "काका, परवा एका जीपनं मले उडवलंच असतं. नंबर बी दिसला नाही, लयच जोरात होती." मी म्हणालो, लोकांना घाई फार असते.

त्यानंतर रस्त्याच्या पाहणीला एक साहेब आले आणि त्यांनी दिवसभरासाठी माझी जीप ठरवली. चांगला माणूस. घाई नव्हती, लिहिणं नव्हतं, नुसतं बघणं आणि विचारणं. म्हणाले, रोज तुम्ही जाता, धोका कुठं आहे ते तुम्हीच सांगा. मी तांड्याच्या फाट्यावर गाडी उभी केली. इथं, म्हणालो. इथं एखादं लेकरू जाईल साहेब. गाड्या हळू करा काहीतरी करून. माझ्या आयुष्यात मी सरकारी माणसाला सांगितलेली ही एकमेव खरी गोष्ट, आणि ती त्यांनी ऐकली! बोर्ड आला. कॅमेरा आला. मला आतून आनंद झाला होता, तोही लपवावा लागला.

कारण स्टँडवर एकानं विचारलंच. सगळे चहा पीत उभे होते. तो म्हणाला, "साहेब तं तुह्याच गाडीत फिरून राह्यला होता. त्याले हे फाट्याचं कोनं सांगतलं?"

काय सांगायला हवं होतं, ते मला तेव्हाही ठाऊक होतं. मी सांगितलं, असं म्हणालो असतो तर? दोन दिवस बोलणं बंद झालं असतं, फार तर नंबरातून काढला असता. मारलं नसतं कुणी. पण सगळे माझ्याकडे बघत होते, आणि माझ्या तोंडून सरळ निघालं, "मले काय मालूम. तांडेवाल्यायनं सांगतलं असन."

एवढंच. विचार करून रचलंही नव्हतं. ते इतक्या सहज कुठून आलं, याचं मला अजून नवल वाटतं. आणि ते इतक्या सहज सगळ्यांना पटलं कसं, याचंही. कुणी दुसरा प्रश्न विचारला नाही. तांड्याचं नाव घेतलं की आमच्याकडे पुरावा लागत नाही, हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच ते तोंडात आलं असेल ना?

ठरलं मग. कॅमेरा पाहिजे ना त्यांना? जाऊ दे पायी. तांड्याच्या फाट्यावर कुणी गाडी थांबवायची नाही. मी मान हलवली.

जवळजवळ पूर्ण हंगाम चाललं ते. कापूस वेचून झाला, तूर निघाली, आणि हळूहळू सवारी कमी पडायला लागली तसे एकेक जण पुन्हा थांबायला लागले. आता सगळेच थांबतात. का थांबत नव्हतो, हे अर्ध्यांना आठवतही नाही. पूजाचं कॉलेज मात्र तोवर सुटलं. पोरगी रोज उन्हात उभी राहते आणि तशीच परत येते, म्हणून बापानं घरी बसवली. पुढच्या वर्षी तिचं लग्न लावून दिलं, दिग्रसकडे कुठंतरी.

पण मला सांगायचं आहे ते त्या हंगामातल्या सकाळींचं.

ऐंशीनं जाताना फाट्यावरची माणसं दिसत नाहीत, नुसते रंग दिसतात. चाळीसनं चेहरे दिसतात. बाकीच्यांच्या गाड्यांना पूजा हात करायची आणि सोडून द्यायची. माझ्या जीपचं तसं नव्हतं. मी तिचा काका होतो. कॅमेऱ्यासाठी मी गाडी हळू केली, की तिला वाटायचं मी तिच्यासाठीच थांबतोय. ती बॅग सावरत, हसत गाडीच्या बाजूनं पळायला लागायची. एकदा नाही, कितीतरी सकाळी. दरवेळी तिला नव्यानं तसं वाटायचं.

एकदा पुढं बसलेली बाई म्हणाली, "थांबवा ना भाऊ, पोरगी पळून राह्यली."

"तिच्यासाठी मागून दुसरी गाडी येऊन राह्यली," मी म्हणालो.

मागून कोणतीच गाडी येत नव्हती. पुढं कापसाची बैलबंडी आडवी आली म्हणून काटा चाळीसवरून दहावर उतरला होता. पूजाचा हात दाराच्या कडीला लागला, तिनं वाकून आत माझ्याकडे पाहिलं आणि "काका" म्हणाली. मी समोर बघत राहिलो. कॅमेरा मागं पडला, आणि मी ॲक्सिलेटर दाबला.